अक्रोडाचा तपास

अक्रोडाचं रोप कोणी लावलं, ते शेवटी सापडलं. पण ते सापडलंच नाही असं त्या घरानं ठरवलं आहे, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

तर रोप कोणी लावलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. फौजदार सकाळी कोबीला पाणी द्यायला गेले आणि शेताच्या कडेला त्यांना वीतभर रोप दिसलं. फौजदार म्हणजे पोलीस नव्हेत, सुनेचे सासरे. एकदा खुरपं हरवलं तेव्हा त्यांनी घरातल्या सगळ्यांचे जबाब घेतले होते. खुरपं त्यांच्याच कमरेला निघालं, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

"झाड आहे," घरात येऊन ते म्हणाले. साप आहे म्हणावं तसं.

या घरात झाड लावत नसत. पणजोबा बायको आणि चार वर्षांच्या मुलाला घेऊन या देशात आले, ते एका हंगामापुरते. एवढं पीक निघालं की परत. त्याला आता त्र्याऐंशी वर्षं झाली. पीक निघतच राहिलं. परत जाणाऱ्यानं झाड लावू नये, पाच महिन्यांहून जास्त मुक्काम करील असं काही पेरू नये, हा पणजोबांचा नियम. म्हणून चार पिढ्या कोबी, कांदा, गाजर. फाटक तारेनं बांधलेलं, कारण थोड्या दिवसांसाठी बिजागरी कशाला. सासूबाईंनी एकदा पुदिना लावला होता. तो दुसऱ्या वर्षी न विचारता उगवला, तेव्हा मुळासकट काढला. आणि दाराआड प्रवासाची लाकडी पेटी, चामड्याच्या पट्ट्यानं आवळून तयार.

पेटीवर आजोबा बसत. ते चार वर्षांचं पोर म्हणजे हेच, आता सत्त्याऐंशीचे. कुणी भिंतीला रंग द्यायचं नाव काढलं की ते पेटीवर थाप मारत. हात थरथरायचा, त्यामुळे पाण्याचा अर्धा पेला पेटीवरच सांडे. कुणी पुसायला गेलं तर अंगावर येत.

संशय सुनेवर. ती इथलीच, पलीकडच्या गावची. माहेरी सफरचंदांची बाग, म्हणजे घराण्यातच गुन्हेगारी. शिवाय तिला सातवा महिना होता आणि पाळण्यासाठी तुळईला कडी ठोकायची का, असं तिनं मागच्याच आठवड्यात विचारलं होतं. कडी म्हणजे कायमचं.

"तू लावलंस?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही."

"मग चेहरा असा का?"

"माझा चेहराच असा आहे. लग्नात बघितला होतास."

फौजदारांनी जेवणाच्या टेबलाशी निकालाआधीच शिक्षा सांगितली. "रविवारपर्यंत कबूल करायचं. ज्यानं लावलं त्यानंच आपल्या हातानं उपटायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही." मग सुनेकडे न बघता, "आणि कुणाला झाडांचा फारच सोस असेल, तर त्याचं माहेर लांब नाही."

आजोबांनी पेटीवर थाप मारली. "सोडू नका त्याला."

शनिवारी दुपारी, घर जेवून आडवं झाल्यावर, सून शेताच्या कडेला गेली. इतके दिवस सगळ्यांनी पावलांचे ठसे तपासले होते. रोपाकडे कुणी नीट बघितलंच नव्हतं. ते एका काठीला बांधलेलं होतं. दोरीनं नाही, चामड्याच्या पट्ट्यानं. पितळी बक्कल, तिसरं भोक फाटलेलं. ते बक्कल झाडताना तिच्या केरसुणीत सहा वर्षं अडकत होतं.

ती घरात आली. आजोबा न्हाणीघरात होते. पेटीला पट्ट्याच्या जागी सुतळी होती. तिनं सुतळी सोडून झाकण उचललं.

आत कपडे नव्हते. माती होती. काळी, ओली, काठोकाठ. तिच्यातून आणखी दोन अक्रोड फुटून वर आले होते आणि फळ्यांच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे मान वळवून उभे होते.

मागे चप्पल वाजली. फौजदार होते. त्यांनी आत बघितलं. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला काही विचारलं नाही.

"बाबा," सून हळूच म्हणाली, "मग उद्या आजोबांनाच उपटायला लावणार?"

फौजदारांनी झाकण लावलं. सुतळी पुन्हा बांधली. स्वयंपाकघरातून पेला भरून आणून पेटीवर ठेवला.

"सूनबाई, संशय तुझ्यावरच आहे," ते म्हणाले. "पण पुरावा नाही. तपास चालू राहील."

"किती दिवस?"

"अक्रोडाला फळ कधी धरतं?"

"दहा-बारा वर्षांनी."

"मग तेवढे लागतील. तोवर संशयितानं घर सोडून जायचं नाही."

रविवारी त्यांनी हे सगळ्यांसमोर जाहीर केलं आणि शिडी लावून तुळईला एक जाड कडी ठोकली. कशासाठी, असं सासूबाईंनी विचारलं. तपासाच्या कामासाठी, असं उत्तर मिळालं.

आता राहिला अर्ज. आजोबा दर वर्षी कचेरीला मुक्काम वाढवून मागत. चाळीस वर्षांपूर्वीच सगळं घर इथलं नागरिक झालं होतं, अर्जाची गरज संपली होती. पण ते अर्ज करत आणि कचेरी निमूटपणे शिक्का मारून घेई. अक्षर सुनेचं. यंदाही त्यांनी तिला पेटीशेजारी बसवलं, अर्धा पेला पाणी सांडलं आणि सांगायला सुरुवात केली. तिनं मान वर न करता लिहून घेतलं:

"विषय: मुदत वाढवून मिळणेबाबत. महोदय, कोणा अज्ञात इसमाने आमच्या शेतात अक्रोडाचे झाड लावले आहे. त्यास फळ धरण्यास बारा वर्षे लागतात. तपास पूर्ण होईपर्यंत अर्जदाराने जातीने हजर असणे आवश्यक आहे. तरी अर्जदाराचे वय, जे आज रोजी सत्त्याऐंशी आहे, ते तोपर्यंत सत्त्याऐंशीच ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती."