चार बोटांचा डाग

"एप्रन! निळ्या नाडीचा पांढरा एप्रन! कुठंय तो?"

म्हातारा घड्याळजी धापा टाकत लाँड्रीत शिरला. एका पायात चप्पल, दुसऱ्यात घरातली सपात. मालकिणीची नणंद इस्त्री करत होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत हाक मारली, "अगं वहिनी, बाहेर ये. गिऱ्हाईक भांडायला आलंय!"

डागमावशी हात पुसत आली. तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. रक्त, दूध, अंडं, कसलाही डाग आणा, मावशी तो घालवणारच. तीस वर्षांत आपल्यापुढे एकही टिकला नाही, हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा तरी ऐकवायची.

"सकाळी तुमची लेक देऊन गेली तोच ना? भिजत घातलाय. अंड्याचा डाग आहे. निश्चिंत राहा, संध्याकाळपर्यंत नावालाही उरणार नाही."

घड्याळजीचा चेहरा पांढराफटक पडला.

"नको हो! तोच तर हवाय मला!"

"काय, एप्रन?"

"डाग!"

नणंदेची इस्त्री हवेतच राहिली. घड्याळजी मटकन स्टुलावर बसला.

"तीन महिने झाले. आमची ही सकाळी ऑम्लेटसाठी अंडी फेटत होती. हात पुसले ते एप्रनलाच, उजव्या कमरेवर. कितीदा सांगितलं, फडकं घे म्हणून, पण ऐकेल तर शपथ! चार बोटं उमटली. मग एप्रन खुंटीला अडकवला, 'जरा पडते' म्हणाली, ती उठलीच नाही. आणि मी काय म्हणालो होतो तिला? मीठ जास्त झालंय." त्यानं नाक पुसलं. "लेकीची चूक नाही. मी तिला बोललोच नव्हतो. काय सांगणार, डाग जपून ठेवलाय म्हणून? रोज सकाळी चहा घेऊन त्या खुंटीपाशी उभा राहतो. तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवतो. बास. एवढीच उरलीय ती माझ्याकडे."

मावशी आत पळाली. घड्याळजी तिच्यामागोमाग दारापर्यंत आला.

टबातलं पाणी पिवळसर दिसत होतं. मावशीचा सगळा भरवसा एन्झाइमच्या पावडरवर. अंडं, दूध, रक्त असलं काही दिसलं की हे एन्झाइम ते खात सुटतं. पण त्याचे नखरे नव्या नवरीला लाजवतील असे. पाणी कोमटच हवं. गार पाण्यात ते सुस्तावतं, उकळत्यात मरतं. आंबट त्याला सोसत नाही. पावडर जितकी जास्त, तितकं काम झटपट. एप्रन जुना, विरलेला, म्हणून मावशीनं आज निम्मीच टाकली होती. पाणीही एव्हाना निवलं होतं. तेवढ्यानंच काम रेंगाळलं होतं.

तिनं एप्रन उचलून उजेडात धरला. करंगळी गेली होती. बाकीची तीन बोटं फिकटली होती, पण होती.

"मिळाला ना? मग दे त्यांना," नणंद म्हणाली.

"नुसता काढून भागत नाही, वन्सं. पावडर धाग्यात मुरलीय, ती खातच राहणार. धुवायला जावं, तर सुटलेलं अंडं पाण्याबरोबर वाहून जाईल. व्हिनेगरची बाटली आणा. आणि किटली! उकळतं पाणी!"

"उकळतं? अंड्यावर? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

नणंदेचं बरोबरच होतं. अंड्याच्या डागाला गरम पाणी दाखवू नका, ही या दुकानातली रोजची बोंब. दाखवलं की अंडं कापडावरच शिजतं. डागाचं आणि कापडाचं लग्न लागतं, मग ब्रह्मदेव आला तरी सोडवू शकत नाही.

"तेच लग्न लावायचंय मला," मावशी म्हणाली.

तिनं एप्रन ताटात पसरला. आधी व्हिनेगर ओतलं. मग बोटांच्या ठशावर किटलीची बारीक धार धरली. पाणी स्वतःच्याच बोटांवर उडत होतं, तरी तिनं धार सोडली नाही. जन्मभर डाग घालवण्यासाठी झटलेली बाई आज मनातल्या मनात म्हणत होती, जाऊ नकोस रे बाबा, जाऊ नकोस. घड्याळजी दाराची चौकट धरून उभा होता.

ताट निवलं. मावशीनं अंगठ्यानं डाग हळूच चोळला. मग जरा जोरात.

हलला नाही.

"एक बोट गेलं हो," ती ओशाळून म्हणाली. "करंगळी. उशीर झाला."

"तीन पुष्कळ झाली." घड्याळजीनं ओला एप्रन तसाच छातीशी धरला. त्याच्या सदऱ्यावरून पाणी ओघळत होतं, पण त्याचं लक्षच नव्हतं. दाराशी जाऊन तो वळला. "दुसऱ्या कुणी मला वेड्यात काढलं असतं. तुम्हाला मात्र लगेच कळलं. तुम्हीही जपलं असेल ना कुणाचं काहीतरी?"

नणंदेनं मान खाली घातली. मावशी भाजलेली बोटं चोळत राहिली.

"माझा मुलगा गेला, सात वर्षांचा होऊन," ती म्हणाली. "सगळे कपडे आहेत त्याचे माझ्याकडे. शाळेचा शर्ट, चड्ड्या, रुमालसुद्धा." तिला एकदम हुंदका आला. "गेला त्याच आठवड्यात धुवून ठेवले हो मी. एकावरही एक डाग राहू दिला नाही."