कॉटवरची जागा

दवाखान्यातून बायकोबरोबर परतलेल्या सुताराने दारातूनच सांगितलं, "आई, ऑपरेशन झालं. आता दोन मुली बास."

झालं, म्हातारीने पुढचं ऐकलंच नाही. सुनेचा दंड धरून तिने तिला कॉटवर आडवी केली, अंगावर पांघरूण घातलं आणि दोघांना तोंड उघडायची फुरसत न देता हुकूम सोडला, "ही आता इकडची काडी तिकडे करणार नाही. आणि तू रे, खांबासारखा उभा काय राहिलास? गॅस संपलाय, बाहेरचा सिलिंडर आत आण."

सुतार निमूटपणे वाकला. तशी सून पांघरूण भिरकावून धावली आणि तिने सिलिंडर त्याच्या हातातून काढून घेतला.

"अगं बये, टाके तुटतील!" म्हातारी ओरडली.

"म्हणूनच तर, आई! टाके यांना पडलेत. ऑपरेशन यांनी करून घेतलंय."

म्हातारी लेकाकडे बघतच राहिली. सहा भावंडांतलं तिचं शेंडेफळ, काच फोडल्यासारखं मान खाली घालून उभं होतं. तिने उशी झटकली, हाताला धरून त्याला कॉटवर निजवलं आणि तेच पांघरूण त्याच्या अंगावर ओढलं.

"तुझ्या वडिलांना हे सुचलं असतं ना, तर तू काही जन्माला आला नसतास," त्याच्या केसांतून हात फिरवत ती म्हणाली, "पण मलाही कधी अशी पाठ टेकायला मिळाली असती."