एक श्वास जास्त

मंगळावरच्या वसाहतीची हवा सांभाळणारा, दमयंतीबाईंनी वर्षानुवर्षे खपून जुळवलेला नियंत्रण-फलक आज उतरवायचा होता. पृथ्वीवरून विकत आणलेली देखरेख-यंत्रणा सकाळीच सुरू झाली होती. तेवढ्यात तिचा भोंगा कोकलू लागला : "नोंदीपेक्षा एक श्वास जास्त. प्रसूतिकक्षाची हवा थांबवत आहे."

"कंपनीला कळवलंय," वसाहतप्रमुख सरदेसाई घाबरून म्हणाले. "उत्तर यायला तासभर लागेल."

"तोवर बाळानं श्वास रोखून धरायचा होय?" दमयंतीबाईंनी हवेचा ताबा पुन्हा आपल्या फलकाकडे घेतला आणि माणसांचा आकडा एकाने वाढवला. हिरवा दिवा लागला. आतून खणखणीत रडणे ऐकू आले. सगळे हसू लागले.

सरदेसाई हळूच जवळ आले. "बाई, फलक राहू द्या. आमच्या सूनबाईंना पाचवा महिना आहे."