जावळ न उतरलेला टायर

कुंकवाचे वाळलेले थर. रबराचे बारीक केस. विटांवर टेकवलेली टॅक्सी. सीताबर्डीतल्या दुकानात टायर कंपनीच्या साहेबांनी फुटलेला टायर फिरवून पाहिला. "याचं तं अजून जावळबी नाही उतरलं, साहेब," टॅक्सीवाला ताराचंद म्हणाला. "काल पहिल्याच फेरीत फुटला. बदलून द्या जी." साहेब हसले. दोष रबरातच होता, हे त्यांना दिसत होतं. गॅरंटी दोन वर्षांची. पण कार्डावरची तारीख हळदीकुंकवाखाली बुजली होती. "घेतला कधी?" साहेबांनी पेन उघडत विचारलं. आज टायर मिळाला तरच उद्या टॅक्सी गरोदर मुलीला माहेरी आणायला कुहीला जाणार होती. "नवाच आहे," ताराचंद पुटपुटला. "नवाच तं!" बायको वच्छला अभिमानाने म्हणाली. "पोरीले आणासाठीच जपला. तीन दसरे पूजला, पण रस्त्यावर नाही उतरवला." साहेबांनी पेनाला टोपण लावलं. तीन दसऱ्यांआधी टायर विकत घेऊन घरी आणला, तेव्हा रिक्षात वच्छलाने तो मांडीवर घेतला होता.