सगळ्यात मोठा सीझन

पस्तिशीही न गाठता गेलेल्या हॉकीपटू राजरत्नच्या जलदानविधीला वस्तीत मांडव पडला आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. जुन्नर-आंबेगावात माणूस मेला की माईक जिवंत होतो.

"अठ्ठ्याण्णवचा सीझन राजरत्नचा सगळ्यात मोठा," सरपंच कुंडलिकराव म्हणाले. "देशात बेस्ट प्लेअर ठरला. माझ्याच कारकिर्दीत त्याची जीपमधून मिरवणूक काढली व्हती."

माजी सरपंच रभाजीरावांनी माईक ओढून घेतला. "आन् शहाण्णव इसरलात काय? तवाबी बेस्ट प्लेअर त्योच व्हता. पहिली मिरवणूक आमी काढली, राव!"

फोटोशेजारी बसलेल्या त्याच्या आईला, द्रौपदाबाईंना, दोन्ही मिरवणुका आठवत होत्या. दोन्ही वेळा पोराला ओवाळायला त्या ताट घेऊन दारात उभ्या होत्या. दोन्ही वेळा ताशांचा आवाज चावडीपर्यंत आला आणि तिथूनच मागं वळला. वस्तीकडचा रस्ता जीपला अरुंद पडतो म्हणे. पोरगं गळ्यातला हार हातात घेऊन एकटंच चालत घरी आलं होतं.

वाद काही मिटेना. शेवटी कुंडलिकरावांनी माईक म्हातारीपुढं धरला. "आक्का, तुमीच सांगा. कंचा सीझन मोठा?"

द्रौपदाबाईंनी मांडवाबाहेर दाटीनं लागलेल्या जीपगाड्यांकडं पाहिलं.

"ह्योच, भाऊ," त्या म्हणाल्या. "औंदा तुमी दारापर्यंत आलात."