डाग दिलेला पट्टा

आबा भिंतीकडे तोंड करून बसले. "हं, वाजव. कुठला पट्टा लावलाय ते सांगायचं नाही."

उद्या पोरीची पोलीस बँडची परीक्षा होती. क्लॅरोनेटची पत्ती आवळून धरणारा पितळी पट्टा मागच्या आठवड्यात तुटला, तो आबांनीच डाग देऊन जोडला होता. पोरीनं तरी मिरजेहून नवा आणला. तीस वर्षं वरातीत वाजवलेल्या आबांना ते काही पटलं नव्हतं.

तिनं एकेक पट्टा लावून एकच धून दोनदा वाजवली. पहिल्यांदा वरचा सूर चिरकला. दुसऱ्यांदा तोच सूर अलगद लागला.

"दुसरा! माझं काम मी झोपेतही ओळखीन," आबा म्हणाले.

आबांनी वळून पाहिलं, तर त्यांचा पट्टा चहाच्या बशीत पडलेला.

"आबा, मी तुमचाच लावते."

"गप बस. कान खरं बोलले, तोंडानंच फुशारकी मारली." त्यांनी नव्याचे स्क्रू स्वतःच्या बोटांनी बेतानं आवळले. मग आपला पट्टा शर्टाला पुसून हळूच तिच्या पेटीत ठेवला.

"नवा पडला-बिडला, तर जवळ असू दे."