न आलेली शीळ
खाडीच्या वळणावर शिडातला वारा पडला आणि होडी जागीच डुलत राहिली. काठावरच्या मगरीचे फोटो काढणारे मास्तरांचे तिघे मित्र एकदम गप्प झाले. झाडीतून शीळ येत होती. “मास्तर, कोणता रे हा पक्षी?” एकाने हळूच विचारलं. नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखणारे त्यांच्यात मास्तरच. त्यांनी कान देऊन ऐकलं. मित्राचा प्रश्न ऐकू आला होता. शीळ मात्र ऐकू येत नव्हती. वर्षभरात बारीक आवाज एकेक करून गेले होते, हे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. एखादं नाव ठोकून देता आलं असतं. पण ते म्हणाले, “मला ऐकूच येत नाही रे. बहिरा होतोय मी.” “हे सोंग वहिनींपुढे कर!” तिघे खो खो हसले. हसणं ओसरलं. मग तिघे डोळे मिटून शीळ ऐकत डोलू लागले. त्यांच्याकडे बघत मास्तरांनीही मान डोलावली.